तळाला धरलेला संघ

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात यंदा बहुतेक मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षाची आहेत. सगळ्यांनी आम्हाला तळाला धरलंय. वर येण्यासाठी काय करावं?

उत्तर : 2014 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेज संघांच्या एनसीएए स्पर्धेत आपल्या गटात आठवं मानांकन असलेला केंटकी विद्यापीठाचा संघ अंतिम सामन्यात उतरला, तेव्हा त्यांचे सुरुवातीचे पाचही खेळाडू पहिल्या वर्षाचे होते. अर्थात ती मुलं निवडक होती. मला सेंट पीटर्स विद्यापीठाचा संघ जास्त जवळचा वाटतो. 2022 मध्ये पंधरावं मानांकन असताना त्यांनी पहिल्याच फेरीत केंटकीला हरवलं आणि शेवटच्या आठांत धडक मारली.

नव्या संघाचा नेम एका रात्रीत सुधारत नाही. बचाव आणि रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) मात्र लवकर सुधारतात, म्हणून प्रशिक्षक या नात्याने मी सरावाचा मोठा वाटा तिथेच देतो. प्रतिस्पर्ध्याने शॉट मारला की नवखा खेळाडू मान वर करून चेंडू बघत बसतो, आणि तेवढ्यात त्याचा माणूस, म्हणजे त्याने रोखायचा प्रतिस्पर्धी, आत घुसतो. आधी आपला माणूस शोधायचा, वळून त्याला पाठीवर घ्यायचं, गुडघे वाकवून जागा धरायची, मग चेंडू. हे रोज, दमल्यावरसुद्धा करून घ्या. फ्री थ्रोही (फाउलनंतर मिळणारे, कोणी न अडवता मारायचे शॉट) धाप लागलेली असतानाच मारायला लावा, कारण सामन्यात ते तसेच मारावे लागतात.

घाईचे पास टाळा. चेंडू फुकट गेला की शॉटची संधीच जाते, वर समोरच्याला सोपी बास्केट मिळते. आणि चुकलेल्या मुलाला लगेच बाहेर बसवू नका. त्याला पुढचा बचाव खेळू द्या.