अडचणीच्या जागेत चालेल असा छोटा ॲडजस्टेबल पाना कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरजवळच्या गावच्या घरी सिंकखालचा कनेक्शन पाइप गळतोय. आठ इंची पाना आत घातला तर दांडा भिंतीला लागतो, आणि दुकानदारानं दिलेला सहा इंची नटावर बसतच नाही. गणपतीला मंडळी यायच्या आत काम उरकायचंय, तर याहूनही छोटा कुठला पाना घेऊ?

मी रत्नागिरीकडे विहिरीवरचे पंप आणि मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. हात जाईल पण पाना फिरणार नाही, अशा जागांशी रोजचाच संबंध. माझं म्हणणं असं की याहून छोटा पाना घेतलात तर पैसे फुकट जातील. लांबी बघूच नका, जबडा किती उघडतो ते बघा.

हिशेब सोपा आहे. आपण ज्याला अर्धा इंची नळ म्हणतो त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसतो, जवळजवळ २१ मिलिमीटर असतो. अर्धा इंच हे माप जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून आलं आणि तसंच राहिलं. त्या आट्यांवर चढणारा नट २१ पेक्षा मोठा असणारच. कनेक्शन पाइपच्या टोकाचा पितळी नट बहुतेक वेळा २४ च्या आसपास भरतो. साधा सहा इंची पाना पूर्ण उघडलात तरी १९-२० मिलिमीटर. म्हणजे तुमच्या पान्यात काही दोष नाही, तो त्या नटासाठी नाहीच. आठ इंची २४-२५ पर्यंत जातो, म्हणजे जेमतेम. दहा इंची तीसपर्यंत आरामात उघडतो, पण तो ओट्याखालच्या कडप्प्याच्या खणात न्यायचा कसा? आणि चार इंची घेतलात तर तो साधारण १३ वर थांबतो. आंब्याच्या फवारणी पंपाचे नोझल-बिझल सोडवायला ठीक, नळाला नाही.

तेव्हा तुम्हाला हवा आहे आखूड दांड्याचा पण मोठ्या तोंडाचा पाना. पाकिटावर ‘वाइड ओपनिंग’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सहा-सात इंच लांबीत तीस मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उघडणारे पाने मिळतात. बाहको या कंपनीचे त्यात नावाजलेले आहेत. (ॲडजस्टेबल पान्याची आजची घडण मुळात त्याच घराण्यातली. स्वीडनच्या योहान पेटर योहान्सननं १८९२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि चाकी फिरवून जबडा सरकवायची ती युक्ती अजून फारशी बदललेली नाही.) टापरिया कंपनीचे साधे पाने तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतात. त्यांच्या आठ इंचीला नावं ठेवायला जागा नाही, पण साधा पाना तो साधाच, तोंड नेहमीच्याच मापाचं.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे डोक्याचा कल. याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, आणि अडचणीच्या जागेत तर तीच कामाची. षटकोनी नट ६० अंश फिरला की पुन्हा पहिल्यासारखा समोर येतो. पान्याचं डोकं दांड्याच्या सरळ रेषेत असतं तर दर वेळी दांडा ६० अंश फिरवल्याशिवाय पुढची पकड मिळाली नसती. म्हणून डोकं तिरकं बनवतात. कल १५ अंशांचा असेल तर पाना एकदा सुलटा, एकदा उलटा लावत गेलं की ३० अंशांच्या जागेत काम भागतं. जुन्या धाटणीच्या बऱ्याच पान्यांचा कल २२.५ अंशांचा असतो. त्यात उलटसुलट करूनही ४५ अंश मोकळे लागतात. हातात घेतल्यावर हा फरक डोळ्यांना दिसतही नाही, पण सिंकचं भांडं आणि चिऱ्याची भिंत यांच्यामध्ये चार बोटं जागा असली की सगळं तेवढ्यावरच अडतं.

उलटा पाना लावताना एक ध्यानात ठेवा. जोर नेहमी ठाम, म्हणजे न सरकणाऱ्या जबड्यावर यायला हवा, म्हणजे पाना सरकत्या जबड्याच्या बाजूला फिरवायचा. पाना उलटवला की हे गणित फिरतं. सगळा ताण सरकत्या जबड्यावर आणि त्याच्या खालच्या चाकीच्या आट्यांवर येतो. जबडा किंचित मागे हटतो, पाना सटकतो, नटाचे कोपरे मरतात आणि बोटांची सालपटं निघतात ती वेगळीच. म्हणून जाम नटाला पहिला झटका सुलट्या पान्यानंच द्या. एकदा तो सुटला की मग खुशाल उलटसुलट करा, तेव्हा जोर लागतच नाही. आणि आखूड दांड्याला पाइप लावून लांब करायचा उद्योग नको. गंजलेला नट सुटत नसेल तर त्यावर डब्ल्यूडी ४० (गंज सैल करणारा स्प्रे) मारा, रात्रभर मुरू द्या, सकाळी बघा.

तिसरी गोष्ट जबड्याची जाडी. तुमच्या सिंकला याचा फारसा प्रश्न येणार नाही, पण पंपाच्या कामालाही हाच पाना वापरणार असाल तर येईल. बोटीच्या पंख्याच्या शाफ्टला ग्लँड असतं, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी पट्टी; त्याच्या बोल्टवर एक नट आणि तो सैल होऊ नये म्हणून त्याच्यावर बारीक चेकनट. १२ मिलिमीटरच्या बोल्टचा बारीक चेकनट जाडीला अवघा ६ मिलिमीटर. जाड जबड्याचा पाना लावला की तो खालच्या नटालाही धरतो, दोन्ही नट एकत्र गरगरतात आणि तुम्ही इंजिनाखाली उताणे पडून शिव्या घालत राहता. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात, तेव्हा आमचं निम्मं काम असल्या नटांचंच. त्यासाठी पातळ जबड्याचा पाना वेगळा मिळतो. पण तो नाजूक असतो. जाम नट तोडायला काढलात तर त्याचं तोंड फाकेल.

पाना विकत घेताना जबडा अर्ध्यावर उघडा आणि सरकता भाग बोटांत धरून हलवून बघा. किंचित हालचाल प्रत्येकाला असते, ती चालते. हलणाऱ्या दातासारखा लुटलुट करत असेल तर ठेवून द्या. मग पूर्ण बंद करून उजेडाकडे धरा. दोन्ही जबड्यांमधली फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे; टोकाला उजेड जास्त दिसला तर तो नटाला कोपऱ्यावर धरणार. शेवटी त्याच हाताच्या अंगठ्यानं चाकी फिरते का बघा. सिंकखाली दुसरा हात अँगल कॉक (भिंतीतला पाणी बंद करायचा छोटा कॉक) धरण्यात गुंतलेला असतो आणि नट दिसत नसतो, नुसता चाचपायचा असतो. चाकी अंगठ्याला दाद देत नसेल तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही.

आता थोडं तुमच्या मनाविरुद्ध. गळती पाइपच्या खालच्या टोकाला, अँगल कॉकजवळ असेल तर वर सांगितलेला पाना पुरेल. पण वरच्या टोकाला, भांड्याच्या मागे नळाच्या बुडाशी असेल, तर कुठलाही ॲडजस्टेबल पाना तिथे हरतो. त्या नटाला दांडा आडवा फिरवावा लागतो आणि आडवी जागाच नसते. त्यासाठी बेसिन पाना असतो: लांब उभी दांडी, खाली आडवी मूठ, वर उलटणारा आकडा. खालून घालायचा आणि मूठ फिरवायची. तो महागही नसतो. तसंच पंपाच्या फ्लँजचे, फाउंडेशनचे बोल्ट कायम ॲडजस्टेबल पान्यानं खोलू नका. त्यांचे नट ठरलेल्या मापाचे असतात, सगळं मिलिमीटरमध्ये: ८ च्या बोल्टला १३, १० च्या बोल्टला जुन्या मापात १७ आणि नव्यात १६, १२ च्या बोल्टला १९ किंवा १८. एवढे रिंग पाने घेऊन ठेवा. बारा खाचांची रिंग ३० अंशांत पुढची पकड देते, सटकत नाही आणि नटाचे कोपरेही शाबूत राहतात. प्लास्टिकच्या नटांना तर पाना लावूच नका, ते हातानंच आवळायचे.

चकाकता क्रोमचा की काळा, यावर फार डोकं खपवू नका. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्यात क्रोम एकदा खरवडलं की तिथून पोपडे सुटतात, आणि काळ्याला तेल नसलं तर एका पावसाळ्यात तांबेरा चढतो. काम झालं की पुसून चाकीत इंजिन ऑइलचा थेंब सोडायचा, दोन्ही टिकतात. घरात खोबरेल असतं म्हणून ते लावतात लोक. ते थंडीत थिजतं आणि नंतर चिकट होऊन चाकी जाम करतं.

ऑनलाइन घेणार असाल तर वर्णनात ‘जॉ कपॅसिटी’ किंवा ‘मॅक्स ओपनिंग’ शोधा. तिथे २८ मिलिमीटरच्या वरचा आकडा हवा, आणि आकडाच दिलेला नसेल तर तो पाना घेऊ नका. चिपळूण-रत्नागिरीला प्रत्यक्ष जाणार असाल तर खिशात जुना कनेक्शन पाइप घेऊन जा आणि काउंटरवरच त्याच्या नटावर पाना बसवून बघा. तसाही नवा पाइप तुम्हाला घ्यावाच लागेल, कारण गळती बहुधा आतल्या रबरी वॉशरची असते आणि आवळून आवळून तो आणखी कापला जातो. नवा बसवताना नट हातानं घट्ट करा, वर पान्यानं पाव फेरा, बस. या जोडाला टेफ्लॉन टेप लागत नाही, पाणी वॉशरच अडवतो.