ओएसपीएफचा शेजार जुळेना? आधी स्टेट वाच

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला कारखाना आणि नवी पेठेतलं ऑफिस यांच्या राउटरांचं ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल) जुळत नाही, म्हणून लगेच राउटर रीस्टार्ट करू नकोस. पुरावाच जातो. आधी 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' मार. शेजारी राउटर आणि त्याचं स्टेट, म्हणजे जुळणी कुठल्या टप्प्यावर आहे, ते दिसतं.

यादी रिकामी असेल तर पिंग बघ. पिंग जातंय? मग एरिया (ओएसपीएफमधला नेटवर्कचा भाग), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि टायमर दोन्हीकडे सारखे हवेत. इथरनेटवर हॅलो ('मी आहे' सांगणारं पॅकेट) दर १० सेकंदांनी, डेड (हॅलो न आल्यास शेजारी गेला समजायची वेळ) ४०. एकीकडे कुणी ३० करून ठेवलं की संपलं. इंटरफेस पॅसिव्ह (हॅलो न पाठवणारा) नाही ना, तेही बघ. प्रोसेस आयडी (राउटरने आपल्यापुरता ओएसपीएफला दिलेला नंबर) वेगळा असला तरी चालतो, त्यात उगाच डोकं घालू नकोस.

स्टेट इनिटवर अडकलं म्हणजे त्याचं हॅलो तुला येतंय, तुझं त्याला पोचत नाही. तिकडच्या ॲक्सेस लिस्टमध्ये (पॅकेट सोडायचे-अडवायचे नियम) प्रोटोकॉल ८९ (म्हणजे ओएसपीएफ) किंवा २२४.०.०.५ (हॅलो जातात तो पत्ता) अडवलंय का विचार.

सगळ्यात फसवं स्टेट एक्सस्टार्ट. साधं पिंग मस्त, हॅलोही जातात, तरी गाडी हलत नाही. इथे एमटीयू (एका पॅकेटची कमाल साइज, बाइटमध्ये) तपास. डीबीडी पॅकेटमध्ये (आपल्याकडच्या माहितीची यादी) राउटर आपला एमटीयू सांगतो. इकडे १४०० आणि तिकडून १५०० आला की इकडचा ते पॅकेट टाकून देतो. 'एमटीयू-इग्नोर' (एमटीयू तपासूच नको) लाव असं बरेच जण सांगतील. मला ते पटत नाही. शेजार जुळतो, पण मोठी पॅकेट मधेच गळतात, आणि 'टॅली उघडेना' म्हणून फोन तुलाच येतो.

टू-वे (दोघांना एकमेकांचं हॅलो मिळालं) स्टेटवरच थांबलेलं दिसलं तर घाबरू नकोस. एका स्विचवर चार राउटर असतील तर डीआर-बीडीआर (त्या स्विचवरचे मुख्य आणि राखीव राउटर) नसलेल्या दोघांत तेवढंच असतं.