लॅपटॉपवर मस्त, टीव्हीवर भलतंच? आधी हे बघ

अरे, एडिट केलेल्या व्हिडिओचे रंग टीव्हीवर वेगळेच दिसले म्हणून घाबरू नकोस, सगळ्यांचं होतं हे. माझ्या पहिल्याच लग्नाच्या व्हिडिओत नवरीचा मोरपंखी शालू त्यांच्या घरच्या टीव्हीवर चक्क पोपटी दिसत होता, टीव्ही आणल्यापासून डायनॅमिक मोडवरच (रंग भडक करणाऱ्या) होता, पण बोलणी मात्र मी खाल्ली 😅

तर पहिलं म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनचं कलर सेटिंग रेक ७०९ गॅमा २.४ वर (टीव्हीसाठीचं रंग-उजेडाचं ठरलेलं स्टँडर्ड) ठेव, मॉनिटरचा नाइट लाइट आणि ऑटो ब्राइटनेस बंद कर, आणि डोळ्यांपेक्षा स्कोपवर (सॉफ्टवेअरमधले रंग-उजेड मोजणारे आलेख) भरवसा ठेव, वेक्टरस्कोपमध्ये, म्हणजे रंग दाखवणाऱ्या गोल आलेखात, स्किन टोनची रेघ असते, चेहरे तिच्या आसपास असले की निम्मं काम झालं.

मग तीसेक सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट कर, त्यात हळदीचा क्लोजअप, रात्रीची वरात आणि पांढरा सदरा असं तिन्ही पाहिजे, आणि तो आयफोनवर, एखाद्या स्वस्त अँड्रॉइडवर आणि टीव्हीवर बघ. अँड्रॉइडवर डिस्प्लेचे व्हिव्हिड (भडक) आणि नॅचरल दोन्ही मोड लावून बघ. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर कॉम्प्रेस होऊन येईल आणि तू उगाच रंगांना दोष देत बसशील.

काळा रंग राखाडी किंवा अगदीच डांबरासारखा दिसला तर ग्रेडला (तू केलेल्या रंगांच्या फेरफाराला) हात लावू नको, आधी लेव्हल्स बघ, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचे आकडे, व्हिडिओ रेंज १६ ते २३५ असते आणि फुल ० ते २५५, फाइल एकीत आणि स्क्रीन दुसरीत, तिथेच बहुतेक गोची असते. मॅकवर क्विकटाइममध्ये फिकट दिसतंय? तो गॅमा टॅगचा (उजेड कसा दाखवायचा हे सांगणाऱ्या फाइलमधल्या खुणेचा) घोळ आहे, तीच फाइल व्हीएलसीत उघडून बघ.

आणि प्रत्येक फोनसाठी वेगळं ग्रेड करत बसू नको बाबा, वेडा होशील.