हायस्कूलच्या मुलांना कचऱ्याचं काहीच कसं वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की मुलगा नववीत आहे, पर्यावरणाच्या प्रकल्पाला चांगले गुण मिळालेत, आणि तरी शाळेतून येताना चिप्सचं पाकीट खुशाल रस्त्यात टाकतो. शाळेत काही शिकवत नाहीत का, असा तुमचा प्रश्न.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय, त्यामुळे टोमणा बरोबर पोचला. शिकवतो हो. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. आमच्या दहावीच्या पोराला झोपेतून उठवून ओला कचरा, सुका कचरा विचारा, उदाहरणांसकट सांगेल. आणि सांगता सांगता हातातला चॉकलेटचा कागद खिडकीच्या गजात खोचेल. माहितीची टंचाई मला तरी कधी दिसली नाही.

घोळ कुठे आहे ते मला उशिरा कळलं, आणि त्यात आमचाच हात निघाला. आमच्याकडे गृहपाठ न आणणाऱ्याला वर्ग झाडायला लावायची पद्धत होती. मीही लावलाय. उशिरा येणाऱ्यांनी मैदानातले कागद वेचायचे. शिक्षा नसेल त्या दिवशी झाडू मुलींच्या हातात, मुलगे फक्त बाकं सरकवणार. पाचवीपासून हे बघत आलेलं पोर यातून काय घेतं? कचरा उचलणं हे चुकलेल्याचं काम, नाहीतर मुलींचं, नाहीतर मावशींचं. आठवीतल्या एकाने मला सरळ विचारलं होतं, "सर, आम्ही टाकलंच नाही तर मावशी काय करतील?" आगाऊपणा नव्हता त्यात, त्याला खरंच तसं वाटत होतं. झाडू कुणाच्या हातात शोभतो याचा आपल्याकडे जो हिशेब आहे त्याच्या मुळाशी जातिव्यवस्था आहे, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तिकडे फेब्रुवारीत गाडगेबाबांच्या फोटोला हार घालायचा. बाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे, हे भाषणात सांगायचं. आणि दुसऱ्या दिवशी झाडू शिक्षा म्हणून द्यायचा.

शिक्षा म्हणून झाडू देणं आम्ही बंद केलं. आता हजेरीच्या क्रमाने पाळी लागते, मुलगे-मुली दोघांची, आणि आठवड्यातून एकदा वर्गशिक्षकाचीही. पहिल्या वेळी मी झाडायला घेतलं तेव्हा वर्गात जी खसखस पिकली ती अजून आठवते. मला झाडता येत नव्हतं हेही तेव्हाच कळलं.

मधल्या काळात दंडही करून पाहिला. कचरा टाकताना सापडला की पाच रुपये. तिसऱ्या दिवशी एकाने दहाची नोट पुढे केली, "सर, उरलेले पाच उद्याचे." दंड तिथेच संपला.

त्यापेक्षा एका साध्या गोष्टीने जास्त फरक पडला, ती म्हणजे वेळ. शाळा सुटल्यावर एकदाच मैदान साफ व्हायचं. म्हणजे मधल्या सुट्टीत पोरं बाहेर यायची तेव्हा सकाळचा कचरा पडलेलाच असायचा. अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. पार्किंगमधल्या गाड्यांच्या काचेवर पत्रकं लावायची आणि मालक ती खाली टाकतो का ते बघायचं. आधीच कचरा असलेल्या जागी दुसऱ्या कुणालातरी कागद टाकताना पाहिलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांनी स्वतःचाही टाकला. लख्ख जागेत तेच दृश्य पाहिलेल्यांपैकी फक्त ६ टक्क्यांनी. आम्ही मैदान मधल्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी साफ करायला लागलो, आणि डबा मुख्याध्यापकांच्या केबिनसमोरून उचलून पाण्याच्या नळापाशी नेला. केबिनसमोरच्या डब्याकडे कोण पोरगं आपणहून जाईल? तो पाहुण्यांना दाखवायला होता. नळापाशी मात्र सगळेच येतात.

पुढचा गमतीचा भाग भंगारवाल्याचा. नववीच्या मुलांनी एका शनिवारी मैदानातला कचरा वेगळा केला आणि आमचे नेहमीचे भंगारवाले चाचा आले होते त्यांच्यापुढे मांडला. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या त्यांनी काट्यावर घेतल्या. पाच रुपयांच्या चिप्सच्या पाकिटांचा ढीग, जो सगळ्यात मोठा होता, त्याला हातही लावला नाही. "हे घेऊन मी काय करू?" म्हणाले. पोरांना धक्का बसला, कारण त्यांच्या डोक्यात प्लास्टिक म्हणजे रिसायकल होणारच. मग मी पाकीट उलटं करून दाखवलं. आतली चांदी म्हणजे प्लास्टिकच्या थरावरचा ॲल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा. हे थर सुटे करणं परवडत नाही म्हणून भंगारात त्याला भाव नाही. २०१८ च्या जूनमध्ये राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली तेव्हा दुकानातल्या पिशव्या गेल्या, पण कंपनीतून भरून येणारी ही पाकिटं बंदीबाहेर राहिली. गेटसमोरच्या टपरीवर त्यांच्या माळाच लटकतात. त्या दिवसानंतर पोरांनी चिप्स सोडले असं काही झालं नाही. दोघी-तिघी आता मोठं पाकीट एकत्र घेतात, इतकंच.

त्याच दिवशी एका मुलीने विचारलं, "आपण दोन डबे भरतो, पण घंटागाडीत ते एकाच ठिकाणी ओततात ना?" ओततात. मी रोज बघतो. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केलंय हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना माझाच आवाज खाली गेला. पोरं बेफिकीर आहेत म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, त्यांचं मोठ्यांकडे बारीक लक्ष असतं.

अजून एक, जे मला पुरुष म्हणून कित्येक वर्षं दिसलंच नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाचं तुंबणं हा आमच्याकडे कायमचा वैताग होता आणि मुलींना शिस्त नाही असं आम्ही म्हणायचो. एका बाईंनी सांगितलं, आत डबाच नाही. पॅड हातात धरून, मुलांच्या रांगेसमोरून, मैदान ओलांडून डब्यापर्यंत कुठली मुलगी जाईल? झाकणाचा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला. तुंबणं बरंचसं थांबलं.

आता तुमच्या मुलाचं. मी वर्गात एकदा विचारलं होतं की डबा जवळ नसेल तर पाकीट खिशात का ठेवत नाही. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, कपडे धुताना निघालं की आई बोलते." अर्ध्या वर्गाने माना डोलावल्या. तुमच्याकडे तसं होतं का, जरा आठवून बघा.