रंगीत शर्ट घालायचाय? आधी खांदा बघ

ऑफिसात सगळे फिकट निळा शर्ट आणि काळी पँट घालतात, त्यात आपण गडद खादी घातली तर हसतील, ही तुझी धास्ती मला कळते. हसतील, पहिले दोन-चार दिवस. 'काय रे, आज काही कार्यक्रम आहे का?' असं कुणीतरी विचारणारच. 'नाही, आवडतो म्हणून घातला,' एवढंच सांग आणि कामाला लाग. खुलासे करत बसलास की विषय वाढतो.

आणि बऱ्याचदा रंग खटकत नाही, ढगळपणा खटकतो. म्हणून पैसे मापावर घाल. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावरच यायला हवी. ती दंडावर उतरली की महागडा शर्टही उसना आणल्यासारखा दिसतो. कंबर, लांबी नंतर आत घेता येते, खांदा दुरुस्त करणं मात्र शिंप्यालाही जिकिरीचं जातं. खादी किंवा हातमागाचं सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव आणि सावलीत वाळव. ते आटतं.

सगळं एकदम बदलू नकोस. पँट, बूट नेहमीचेच राहू देत. कंपनीचा लेखी नियम असेल तर पाळ, पण न लिहिलेल्या नियमाला एवढं घाबरायचं कारण नाही. घरी कुणी म्हणालं, 'गुलाबी पुरुषाला शोभत नाही,' तर लग्नातल्या गुलाबी फेट्यांची आठवण करून दे. किती रुबाबदार दिसतात सगळे!

पहिला शर्ट निळीत, म्हणजे इंडिगोच्या गडद निळ्या रंगात, रंगवलेला घे. काळ्या, राखाडी, खाकी, कुठल्याही पँटवर जातो. सुरुवातीला रंग सुटेल, तेवढा वेगळा धू.