माळेगाव यात्रेत तमाशाचं तिकीट कुठे आणि कसं काढायचं

ताई, आईंना आणि मुलांना घेऊन नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लोककला बघायच्या आहेत, तिकीट पुण्यातूनच ऑनलाइन काढता येईल का, असं तुम्ही विचारलंय. जिल्हा परिषदेच्या लोककला आणि लावणी महोत्सवाला तिकीट लागत नाही. तमाशाचं तिकीट कनातीबाहेरच्या, म्हणजे कापडाने घेरलेल्या मंडपाबाहेरच्या खिडकीवर, त्याच संध्याकाळी काढायचं. कोणी लिंक पाठवून आगाऊ पैसे मागितले तर देऊ नका.

रजा टाकण्याआधी पंचांग बघा. यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाच्या पालखीने सुरू होते, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२२ मध्ये ती २२ डिसेंबरला होती. दुसऱ्या दिवशी वेळा अमावस्या. त्या दिवशी लातूर-नांदेडकडची माणसं शेतात जेवायला जातात, तेव्हा रस्त्यावरच्या गर्दीचा अंदाज ठेवूनच निघा. गाव नांदेड-लातूर रस्त्यावरच आहे. मुक्काम नांदेडला करा.

आता तमाशा. फड, म्हणजे तमाशाची मंडळी, दोन तऱ्हेने कार्यक्रम करतो. गावाने ठरवलेली रक्कम देऊन बोलावला तर ती सुपारी, तेव्हा प्रेक्षकाला काही द्यावं लागत नाही. माळेगावसारख्या मोठ्या यात्रेत मात्र फड स्वतःची कनात ठोकून तिकिटावर खेळतो. कलावंतांना हंगामाआधी दिलेली उचल, ट्रकचं डिझेल, जनरेटर, माणसांची जेवणं हे सगळं त्या खिडकीवरच्या गल्ल्यातून निघायचं असतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, ओळखीने फुकट आत जायचं बघू नका. पाहुण्यांपैकी कोणी पुढारी असले तरी नको. रांगेत उभं राहून पूर्ण तिकीट काढा. रोख आणि सुटे पैसे जवळ असू द्या, इतक्या गर्दीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.

तिकीट काढण्याआधी कनातींवरून एक चक्कर मारा. कोणाचा फड आहे, आज वग (तमाशातलं नाटक) कोणता, हे बोर्डावर असतं. नसेल तर खिडकीवर सरळ विचारा. पुढच्या खुर्च्यांचा दर वेगळा आहे का, तेही विचारा, आईंना जमिनीवर बसवत नसेल तर तेवढे पैसे जास्त गेले तरी चालतील. मुलांना वगाआधीची गण-गवळण (गणपतीचं नमन आणि कृष्ण-गवळणींची थट्टा) आणि बतावणी (विनोदी संवाद) दाखवाच, ढोलकी-हलगी समोर बसून ऐकण्यासारखं दुसरं काही नाही. वग रात्री उशिरापर्यंत चालतो, मुलं पेंगली तर मधूनच उठा. त्या दिवसांतली थंडी उघड्यावर बोचते, शाली आणि कानटोप्या विसरू नका.

दिवसा घोड्यांचा बाजार आणि देवळापुढचे वाघ्या-मुरळी, म्हणजे खंडोबाची गाणी गाणारे भक्त, बघा. त्यांना तिकीट नसतं, पण गाणं ऐकून दक्षिणा न देता पुढे जाऊ नका.

ऑनलाइन तिकीट काढूनच जायचं असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालातला वेरूळ-अजिंठा महोत्सव जाहीर झाला की बघा. तिथे भर शास्त्रीय संगीत आणि नृत्यावर असतो. अशा कार्यक्रमाचं तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नसतो. ऑनलाइनचं सुविधा शुल्क वेगळं लागतं आणि त्यावर कर असतो, म्हणून शेवटची रक्कम बघूनच पैसे भरा.