राजीनामा देण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून संगीत नाटकात शिरायचं ठरवलंस, असं लिहिलंयस. घाई करू नकोस. आधी गायक-नट वसंतराव देशपांड्यांकडे नीट बघ. त्यांच्या ताना तू उचलल्यास, पण त्या गळ्यापर्यंत कशा आल्या तेही पाहा.

जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. लहानपणीच भालजी पेंढारकरांच्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात ते कृष्ण झाले. मुलगा आता नटच होणार, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात वाट्याला आली ती मिलिटरी अकाउंट्समधली नोकरी, अनेक वर्षांची. बदली झाली तीही थेट ईशान्येला, नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात. शिकणं मात्र एका दारावर थांबलं नाही. नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, शिवाय सुरेशबाबू माने आणि भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ. दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचं वेड तर जन्मभराचं. तबल्यावरही हात चालायचा. त्यांच्या गाण्यात लयीशी जी झटापट ऐकू येते, ती तिथूनही आली असावी असं मला वाटतं.

मग १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, जितेंद्र अभिषेकीबुवांचं संगीत आणि खाँसाहेब आफताब हुसेनच्या भूमिकेत वसंतराव. वय सत्तेचाळीस! वर्षानुवर्षं डावलल्या गेलेल्या गवयाचा सल दाखवायला ते वय कामाला आलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तुझ्या वयात ताना निघतील, तो सल निघणं कठीण.

त्याच नाटकातलं ‘घेई छंद मकरंद’ दोन्ही चालींत ऐक. शब्द तेच. खाँसाहेबांचे प्रतिस्पर्धी पंडितजी, म्हणजे त्या भूमिकेतले प्रसाद सावकार, यांच्या गाण्यात ठहराव आहे; खाँसाहेब तेच शब्द चढ्या लयीत घेतात, आणि अंगावर धावून आल्यासारखी तान येते. दोन घराणी, दोन स्वभाव, एकच पद. स्पर्धेत तू हे पद सुरेख गायलास, पण मैफलीत बसल्यासारखं. खाँसाहेब दिसले नाहीत.

म्हणून सध्या रियाझाच्या आधी अर्धा तास गद्य मोठ्याने वाच. पद सुरू होण्याआधीचं शेवटचं वाक्य पेटीच्या सुराला धरून सुटलं पाहिजे; नाहीतर नट थांबतो, गवई सुरू होतो आणि मधली फट शेवटच्या रांगेलाही कळते. वन्समोअर मिळाला तर दुसऱ्यांदा गातानाही भूमिका सोडायची नाही. समोरचा नट तेवढा वेळ तुझ्यासाठी उभा असतो, त्याच्याकडे बघून गा.

पैशांचंही बोलतो. संगीत नाटकाचे प्रयोग आता मोजके, तेही बहुतेक शनिवार-रविवारी. तालमी संध्याकाळी होतात. तेव्हा निदान दोन वर्षं नोकरी ठेव. घरभाड्याची चिंता डोक्यात घेऊन सा लागत नाही. वसंतरावांनीही नोकरी सोडली, पण गाणं पक्कं झाल्यावर. आणि पुढेही ते एकाच भूमिकेत अडकले नाहीत. ‘अष्टविनायक’ चित्रपटातलं ‘दाटून कंठ येतो’ ऐक. तोच गळा तिथे बापाचा झालाय, तानेचा मोह बाजूला ठेवून.

येत्या रविवारी सकाळी ये. ‘कट्यार’ची संहिता आण, पेटी माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी गाणार नाही आहोत, फक्त बोलायचंय.

तुझा,
काका